पुण्यात इंजिनीअरिंगला नंबर लागला, कॉलेज पूर्ण फी मागतंय. ईबीसीचं काय करायचं?

अर्धाकप | ११ ऑगस्ट, रात्री १०:१५

मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

माझ्या बहिणीच्या मुलाला (करमाळा तालुका) कॅपच्या (शासनाची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) दुसऱ्या फेरीत पुण्यातलं एक खासगी विनाअनुदानित कॉलेज मिळालं. कॉम्प्युटर. गावात पेढे वाटून झाले. आज त्याच्याबरोबर कॉलेजात गेले तर खिडकीतल्या बाईंनी एक चिठ्ठी सरकवली. शिक्षण शुल्क १,०४,०००, विकास शुल्क १४,०००, एकूण १,१८,०००.

आम्ही ओपनमधले. दाजींची तीन एकर कोरडवाहू आणि गावात छोटं किराणा दुकान. म्हटलं, ईबीसीची (आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठीची) सवलत आहे, तर आत्ता अर्धीच भरतो. बाई म्हणाल्या, "आधी पूर्ण भरा, पैसे आले की परत करू." कधी येतील? "शासनाने दिले की."

परवा शेवटची तारीख. बहीण म्हणते गंठण गहाण ठेवू. मी तिला म्हटलं, एक दिवस थांब, इथे विचारते.

असं पूर्ण मागता येतं का? त्याला नक्की किती सवलत मिळेल? आणि उत्पन्नाचा दाखला करमाळ्याचा लागेल की पुण्याचा? तो माझ्याकडे धायरीला राहणार आहे.

सदाशिवपेठी | ११ ऑगस्ट, रात्री १०:२२

"परत करू" मधला 'परत' नीट समजून घ्या. पूर्ण भरा, पुढच्या वर्षी परत भरा.

शून्यशिल्लक | ११ ऑगस्ट, रात्री १०:४०

मी तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडेही हेच वाक्य, फक्त खिडकीत बाईंच्या जागी सर. पहिल्या वर्षी बाबांनी पूर्ण भरली, पैसे दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत मिळाले. पण त्यातला निम्मा उशीर माझ्या गाढवपणामुळे. उद्या लिहितो, सबमिशन आहे.

कारकून_निवृत्त | ११ ऑगस्ट, रात्री ११:३०

अर्धाकपताई, मी बावीस वर्षं एका कॉलेजच्या स्कॉलरशिप टेबलावर काढली. तुमच्या खिडकीतल्या बाईंच्या जागी मीच बसायचो असं समजा.

आधी हिशेब. योजनेचं नाव राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. ईबीसी हे जुनं नाव, पण टेबलावर आजही तेच चालतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, प्रवेश कॅपमधून, आणि एका घरातल्या दोन अपत्यांपर्यंत लाभ. मुलाला शिक्षण शुल्काच्या ५० टक्के. विकास शुल्क यात येत नाही, ते तुमचं तुम्ही भरायचं. म्हणजे १,०४,००० चे निम्मे ५२,००० शासन देणार. तुमच्या वाट्याला ५२,००० अधिक १४,०००, एकूण ६६,०००. "अर्धी फी" म्हणून ५९,००० घेऊन गेलात तर खिडकीवर वाद होईल आणि त्या वादात कॉलेज बरोबर असेल.

दुसरं. पात्र मुलाकडून प्रवेशाच्या वेळी शासनाचा वाटा मागू नये, अशा सूचना कॉलेजांना आहेत. हे त्या बाईंना ठाऊक असतं. पण बाईंना वरून तोंडी सांगितलेलं असतं की जमेल तेवढे घ्या. म्हणून तोंडी बोलू नका. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा: मुलाचा कॅप प्रवेश, उत्पन्नाचा दाखला, योजनेचं नाव, माझा वाटा ६६,००० भरायला तयार आहे, उरलेल्यासाठी हमीपत्र देतो. दोन प्रती काढा. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. हा शिक्का उमटताना खिडकीच्या आतले चेहरे बघण्यासारखे असतात. तरीही ऐकलं नाही तर तंत्रशिक्षणाच्या पुणे विभागीय सहसंचालकांकडे तीच प्रत जोडून अर्ज द्यायचा. माझ्या बावीस वर्षांत तिथवर फार थोडे लोक गेले, कारण शिक्क्यावरच काम व्हायचं.

तिसरं, दाखला. आई-वडील जिथे राहतात तिथल्या तहसीलदाराचा. मुलगा धायरीला राहतो म्हणून हवेली तालुक्याचा चालत नाही. आधीच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा हवा. तलाठ्याचा अहवाल लागेल, त्यात शेती आणि दुकान दोन्ही दाखवा. दुकान लपवू नका, गावात सगळ्यांना ते दिसतं.

अर्धाकप | ११ ऑगस्ट, रात्री ११:४८

काका, तुम्ही देव आहात. ५९ चा हिशेब मीच मनात केला होता!

दाखला आहे, जूनमध्येच काढलाय, १ लाख ४० हजारांचा. दुकान धरून.

गुळपोळी | १२ ऑगस्ट, सकाळी ७:०५

भाचा आहे म्हणून अर्धं. भाची असती तर पूर्ण शिक्षण शुल्क माफ झालं असतं. ८ जुलै २०२४ चा जीआर. ईडब्ल्यूएस (खुल्या वर्गातले आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, ८ लाखांच्या आत, कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं सोडून. माझी लेक त्याच्यात बसली. आमच्या घरात ती पहिली इंजिनीअर होणार, म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. :)

सदाशिवपेठी | १२ ऑगस्ट, सकाळी ७:३०

भाच्याला आता भाची करता येणार नाही. मुदत उद्याची आहे.

घोरपडी_गेट | १२ ऑगस्ट, सकाळी ८:१२

हेच मला पटत नाही. एकाच घरातली, एकाच बापाची मुलं. मुलीला पूर्ण, मुलाला अर्धं. गरिबी काय लिंग बघून येते?

गुळपोळी | १२ ऑगस्ट, सकाळी ८:३०

गरिबी बघत नाही, गरीब घरातला बाप बघतो. पैसे एकाच पोरापुरते असतील तर कोणाला बसवतात घरी? माझ्या दोन्ही नणंदा बारावीनंतर घरी बसल्या, दिरांचं पुण्यात झालं. नणंदांचे मार्क जास्त होते.

घोरपडी_गेट | १२ ऑगस्ट, सकाळी ८:४१

तुमच्या नणंदांबद्दल वाईट वाटतं. पण माझा मुद्दा मुलालाही पूर्ण द्या असा आहे, मुलीचं काढून घ्या असा नाही.

गुळपोळी | १२ ऑगस्ट, सकाळी ८:४४

मग आपलं भांडणच नाही. चहा घ्या.

रातराणी | १२ ऑगस्ट, सकाळी १०:२०

एवढा विचार कशाला करता? आमच्या ह्यांचं पॅकेज साडेअकरा आहे. ओळखीचा एजंट आहे, साडेसात लाखांचा दाखला आणून देतो. सगळेच करतात. टॅक्स भरतो आपण, थोडं परत घेतलं तर बिघडलं कुठे?

भटकभवानी | १२ ऑगस्ट, सकाळी १०:२६

रातराणी, हे असं जाहीर लिहायला धाडस लागतं. की अजिबात लागत नाही?

कारकून_निवृत्त | १२ ऑगस्ट, सकाळी ११:००

बाई, नोकरदाराला फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा कागद) असतो. दाखला आणि फॉर्म १६ समोरासमोर आले की बोलती बंद होते. आमच्याकडे एका पालकाला दोन वर्षांचे पैसे परत भरावे लागले. मुलाचं शेवटचं वर्ष होतं. सर्टिफिकेट घ्यायला तो वडिलांना न आणता मामाला घेऊन आला, एवढंच सांगतो.

आणि "सगळेच करतात" म्हणाल तर मी हजारो फॉर्म पाहिलेत. बहुतेकांचं उत्पन्न खरंच तेवढंच असतं.

रातराणी | १२ ऑगस्ट, सकाळी ११:०९

बरं. केलेलं नाहीये अजून. विचारलं फक्त.

घाटमाथा | १२ ऑगस्ट, दुपारी १:४०

मी अशाच एका विनाअनुदानित कॉलेजात शिकवतो, त्यामुळे दगड खायची तयारी ठेवून दुसरी बाजू मांडतो.

वर्गात साठ मुलं असतील तर निम्म्याहून अधिक कुठल्या ना कुठल्या योजनेत असतात. त्यांच्या वाट्याचे पैसे शासनाकडून येतात, पण हप्त्याने आणि उशिरा. वीजबिल उशिरा भरता येत नाही. मागच्या वर्षी आमचे पगार तीन महिने लांबले. मुलांकडून आगाऊ घेणं चूकच आहे, मी समर्थन करत नाही. पण खिडकीतल्या बाईचाही पगार त्याच थकबाकीतून निघायचा असतो. व्यवस्थापनाकडे पैसा नसतो असं म्हणत नाही. नवीन इमारतीला बरोब्बर असतो.

सदाशिवपेठी | १२ ऑगस्ट, दुपारी १:५२

शेवटचं वाक्य लिहून दगडांपासून वाचलात.

अर्धाकप | १२ ऑगस्ट, दुपारी २:१५

घाटमाथा, पटतंय. पण शासन आणि संस्था यांच्यातली उधारी माझ्या बहिणीच्या गंठणावर का?

घाटमाथा | १२ ऑगस्ट, दुपारी २:२०

याला माझ्याकडे उत्तर नाही.

शून्यशिल्लक | १२ ऑगस्ट, सायंकाळी ६:३०

सबमिशन झालं. आता माझा गाढवपणा.

महाडीबीटीवर (शासनाचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) फॉर्म भरला, कॉलेजने पुढे पाठवला, मंजूर झाला, स्टेटस हिरवं. मी रोज बँकेचं ॲप उघडून बघायचो. शून्य. चार महिने. कॉलेज म्हणे आमच्याकडून गेलं. शेवटी कँटीनमध्ये एका सीनियरने विचारलं, "तुझं आधार कुठल्या खात्याला मॅप आहे?" म्हटलं, बँकेत आधार दिलंय की. तो म्हणाला, देणं वेगळं आणि मॅप होणं वेगळं.

झालं असं होतं: अकरावीत असताना गल्लीच्या तोंडावर एकजण छत्री लावून पेमेंट बँकेची खाती उघडत होता. खातं उघडलं की शंभर रुपये आणि एक पाण्याची बाटली. मी आणि माझ्या दोन मित्रांनी उघडली. त्या वेळी अंगठा लावला तेव्हा माझं आधार त्या खात्याला मॅप झालं. शासनाचे पैसे फॉर्ममधला खाते क्रमांक बघून येत नाहीत, आधार शेवटी ज्या बँकेशी मॅप झालं तिथे जातात. माझे पैसे त्या छत्रीखालच्या खात्यात चार महिने पडून होते आणि त्या खात्याचं सिम मी कधीच बदललं होतं.

सिम सुरू करणं, केवायसी, सगळं मिळून आणखी दीड महिना. बाटली अजून आहे, होस्टेलवर.

भाच्याला सांगा: आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस (आधार कुठल्या बँकेला मॅप आहे ते) दिसतं, फुकट. फॉर्म भरायच्या आधी बघ. चुकीची बँक दिसली तर हव्या त्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भर.

भटकभवानी | १२ ऑगस्ट, सायंकाळी ६:४५

शंभर रुपये आणि बाटलीसाठी पाच-साडेपाच महिने. व्याजदर भारी.

मी आत्ताच माझं तपासलं. माझं आधार अशा बँकेला मॅप आहे जिथे मी २०१९ नंतर पाऊल टाकलेलं नाही. गॅसची सबसिडी तिकडेच जात असणार! धाग्याचा मला झालेला फायदा.

भीमथडी | १२ ऑगस्ट, रात्री ८:१०

ज्यांची मुलं अनुसूचित जातीतली आहेत त्यांच्यासाठी थोडं लिहितो, कारण धागा ईबीसीपुरताच चाललाय.

अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर फ्रीशिप (शुल्कमाफी). अर्ज त्याच महाडीबीटीवर. शिष्यवृत्तीत आता केंद्राचा ६० टक्के वाटा थेट मुलाच्या खात्यात येतो आणि त्यातली फी मुलाने कॉलेजला भरायची असते. माझ्या खात्यात पहिल्यांदा एवढे पैसे आले त्या रात्री मी तीन वेळा बॅलन्स बघितला. सकाळी कॉलेजात भरून मोकळा झालो, कारण आणखी एक रात्र ठेवले असते तर काय झालं असतं सांगता येत नाही. घरी बोअरवेलचं काम काढलं होतं.

दुसरं, समाजकल्याणच्या वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून हताश होऊ नका. स्वाधार योजना बघा. पुण्यासाठी वर्षाला ६०,०००: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. कॉट बेसिसवर राहणाऱ्याला याने फार फरक पडतो. मी विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात जाऊन माहिती घेतली होती.

टेकडीवरचा | १२ ऑगस्ट, रात्री ९:००

थोडं अवांतर. योजनेला शाहू महाराजांचं नाव आहे हे उगीच नाही. १९०१ साली कोल्हापुरात त्यांनी मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजासाठी बोर्डिंगं निघत गेली. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. नंतर यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वार्षिक १२०० रुपयांच्या आतल्या घरांसाठी ईबीसी आली. माझे वडील त्यावर शिकले. ते सांगायचे की मास्तर वर्गात "ईबीसीवाले उभे रहा" म्हणायचे आणि निम्मा वर्ग उभा राहायचा. मग बसलेल्यांनाच लाज वाटायची.

सदाशिवपेठी | १२ ऑगस्ट, रात्री ९:१०

आमच्या वडिलांच्या वर्गात बसलेले दोघेच होते. एक आमचे वडील. "पेठेत वाडा होता म्हणून. भाडेकरू दीड रुपया द्यायचे हे कोणी विचारलं नाही," असं ते शेवटपर्यंत म्हणत.

टेकडीवरचा | १२ ऑगस्ट, रात्री ९:१३

आणि वाडा आता?

सदाशिवपेठी | १२ ऑगस्ट, रात्री ९:१४

सात मजली. अवांतर पुरे.

कारकून_निवृत्त | १२ ऑगस्ट, रात्री ९:५०

अर्धाकपताई, एक राहिलं. तीन एकर म्हणजे सव्वा हेक्टरच्या आत. दोन हेक्टरपर्यंत अल्पभूधारक. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. मुलगा होस्टेलवर किंवा भाड्याने राहत असेल तर तीही भरा. दाजींना अल्पभूधारकाचा दाखला काढायला सांगा. तलाठ्याकडे जातातच आहेत तर एका फेरीत दोन कामं.

अर्धाकप | १२ ऑगस्ट, रात्री १०:०५

तो माझ्याकडे फुकट राहणार आहे हो. मावशीने भाडेपावती द्यायची का?

कारकून_निवृत्त | १२ ऑगस्ट, रात्री १०:०८

नको. रातराणीबाईंना आत्ताच समज दिलीय.

रातराणी | १२ ऑगस्ट, रात्री १०:११

माझं नाव आलं की मला नोटिफिकेशन येतं बरं का.

मोडीलिपी | १२ ऑगस्ट, रात्री ११:२०

मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर ईबीसी मिळते का? सगळं वाचलं नाही, कोणी थोडक्यात सांगेल का?

भटकभवानी | १२ ऑगस्ट, रात्री ११:२४

थोडक्यात: नाही. सविस्तर: वाचा.

अर्धाकप | १३ ऑगस्ट, दुपारी ३:४०

मोठं अपडेट!

सकाळी दहाला खिडकीवर हजर. काकांनी सांगितलं तसा अर्ज, दोन प्रती. बाईंनी अर्ज वाचला, उलटा केला, परत वाचला. "हे कोणी लिहून दिलं?" म्हटलं, घरातल्या मोठ्यांनी. (काका, तुम्हाला घरात घेतलंय.) म्हणाल्या, अर्ज ठेवून जा. म्हटलं, पोच द्या. म्हणाल्या, पोच देणारे जेवायला गेलेत. सकाळी सव्वादहाला!

आम्ही बाकड्यावर बसलो. भाच्याने पिशवीतून आईने दिलेल्या शेंगापोळ्या काढल्या. अकराच्या सुमाराला बाई स्वतःच आल्या, पोळीचा तुकडा घेतला आणि विचारलं, "कुठले?" करमाळा म्हटल्यावर निघालं की त्या परांड्याच्या. पुढची वीस मिनिटं पाऊस, उजनी आणि कांद्याचा भाव. मग त्याच आत गेल्या आणि शिक्का मारून आणला. आवक क्रमांक ४१२. बाराला उपप्राचार्यांनी बोलावलं, अर्ज बघितला आणि म्हणाले, ६६,००० भरा, पाचशेच्या स्टॅम्पवर हमीपत्र द्या की शिष्यवृत्ती नामंजूर झाली तर उरलेले आम्ही भरू.

भरले. पावती हातात. गंठण गळ्यात.

गुळपोळी | १३ ऑगस्ट, दुपारी ३:४४

शेवटच्या वाक्याला टाळ्या.

घाटमाथा | १३ ऑगस्ट, दुपारी ४:०२

अभिनंदन. बाईंच्या पगाराचं बघू आम्ही.

घोरपडी_गेट | १३ ऑगस्ट, दुपारी ४:१०

शिक्का महत्त्वाचा की शेंगापोळी?

कारकून_निवृत्त | १३ ऑगस्ट, दुपारी ४:३०

बावीस वर्षांत मला फक्त चहा मिळाला. तुमच्या बाई नशीबवान.

आता गाफील राहू नका. फॉर्म भरल्यावर दर आठवड्याला लॉगिन करून बघा. त्रुटी असली की फॉर्म मुलाकडे परत येतो, आणि मेसेजची वाट बघत बसलेल्यांची मुदत निघून जाते. पुढच्या वर्षी नूतनीकरण करायचं. आपोआप होत नाही. आणि पहिल्या वर्षी हजेरी सांभाळायची. पुण्यात नवीन पोरगा आहे, एफसी रोड लांब नाही.

अर्धाकप | २९ ऑगस्ट, रात्री ९:२०

धागा वर काढतेय. भाच्याचा फॉर्म कॉलेजकडून परत आला. कारण: "रेशनकार्ड अस्पष्ट". आम्ही दिलंय ते स्पष्ट आहे हो, मी स्वतः बघितलं. आधार सीडिंग मात्र बरोबर आहे, आधीच तपासलं. छत्री, बाटली काही नाही.

शून्यशिल्लक | २९ ऑगस्ट, रात्री ९:३१

स्कॅन केलं होतं की मोबाइलवर फोटो?

करमाळा_एक्स्प्रेस | २९ ऑगस्ट, रात्री ९:५०

नमस्कार, मी तो भाचा. आजच सभासद झालो.

मावशी, तू बघितलंस ते मूळ रेशनकार्ड होतं. फोटो साडेतीन एमबीचा होता, अपलोडच होईना, म्हणून मी कमी करत करत एवढा केला की आजोबांचं नाव सोडून काहीच वाचता येत नव्हतं. उद्या धायरी फाट्यावर स्कॅन करून टाकतो. वीस रुपये दे.

सदाशिवपेठी | २९ ऑगस्ट, रात्री ९:५४

शासनाचे ५२,००० आणि मावशीचे २०. आधी कुठले येतात ते कळवा.